आवडती सायफाय सिरीज मधेच बंद का पडते? 'द एक्सपान्स'चं उदाहरण घेऊन सोप्या भाषेत

हल्ली दर दोन-चार महिन्यांनी एक बातमी ठरलेली असते, अमुक सिरीज कॅन्सल. आणि कॅन्सल नाही झाली तर पुढचा सीझन येता येता माणूस कथा विसरून जातो, 'सेव्हरन्स'चा पहिला सीझन फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि दुसरा थेट जानेवारी २०२५ मध्ये. प्रत्येक वेळी लोकांचा प्रश्न तोच असतो, एवढे जण आवडीने बघतायत, पैसेवाल्या कंपन्या आहेत, मग अडतंय कुठे? सायफायच्या, म्हणजे विज्ञानकथांच्या, बाबतीत तर हे जास्तच होतं.

याचं उत्तर नीट समजून घ्यायचं तर एकच सिरीज घेऊन तिचं अख्खं आयुष्य बघावं असं मला वाटतं. त्यासाठी 'द एक्सपान्स'सारखं दुसरं उदाहरण नाही, कारण सिरीजच्या बाबतीत जे जे होऊ शकतं ते सगळं हिच्या बाबतीत झालंय. चॅनलवर आली, समीक्षकांनी डोक्यावर घेतली, तरी बंद केली, मग दुसऱ्याने वाचवली, आणि शेवटी ज्यांवर ती बेतली त्यातल्या काही कादंबऱ्या शिल्लक असताना संपवली. डिसेंबर २०१५ ते जानेवारी २०२२, सहा सीझन, ६२ एपिसोड.

आधी ही सिरीज काय आहे ते

काळ आजपासून दोन-तीनशे वर्षं पुढचा. माणूस सूर्यमालेत पसरलाय. पृथ्वी एक सत्ता, मंगळ दुसरी, आणि मंगळ नि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या राबणारी माणसं, ज्यांना बेल्टर म्हणतात. पाणी आणि हवासुद्धा विकत घ्यायला लागते अशा लोकांचं हे राजकारण आहे.

मूळ कादंबऱ्या जेम्स एस. ए. कोरी या नावाने आल्या, पण हे दोन माणसांचं मिळून घेतलेलं टोपणनाव आहे, डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक. २०११ ते २०२१ मध्ये नऊ कादंबऱ्या. टीव्हीसाठी मार्क फर्गस आणि हॉक ऑस्टबी या जोडीने ती उभी केली आणि शोरनर होते नरेन शंकर. शोरनर म्हणजे सिरीजचा कारभारी, लेखकांच्या टीमपासून एडिटिंगपर्यंत शेवटचा शब्द त्याचा. शंकर भारतीय वंशाचे, कॉर्नेल युनिव्हर्सिटीतून अप्लाइड फिजिक्स आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पीएचडी केलेला माणूस, आणि नव्वदच्या दशकात 'स्टार ट्रेक'च्या टीमला विज्ञानाचा सल्ला देत देत लेखनात आलेला. ही पीएचडी पुढे बजेटच्या कामाला कशी आली ते खाली येतंच.

सिरीजला पैसे घालतं कोण?

बहुतेक लोकांचा समज असतो की सिरीज ज्या चॅनलवर दिसते ती त्या चॅनलची. तसं नेहमी नसतं, आणि इथेच सगळी गोम आहे. एक्सपान्स बनवत होती अल्कॉन नावाची निर्मिती कंपनी, आणि ती दाखवत होतं सायफाय नावाचं अमेरिकन केबल चॅनल. चॅनल बनवणाऱ्याला दर एपिसोडमागे ठराविक फी देतं. ही फी बहुतेक वेळा पूर्ण खर्चाला पुरत नाही, मग उरलेला पैसा निर्माता आपल्या खिशातून घालतो आणि तीच सिरीज दुसऱ्या देशांत, दुसऱ्या प्लॅटफॉर्मला विकून भरून काढतो. अमेरिकेत हा खूप जुना प्रकार आहे.

कोकणातला माणूस बाग खंडाने देतो ते डोळ्यासमोर आणा. समजा एका व्यापाऱ्याने फक्त पहिल्या मोहराचा आंबा घेतला, दुसऱ्या-तिसऱ्या मोहराचा दुसऱ्याने, आणि परदेशात पाठवायचा माल तिसऱ्याने. बाग एकच, झाडं तीच, आंबाही तोच, पण पहिल्या व्यापाऱ्याला फक्त सुरुवातीला उतरलेल्या पेट्यांशी मतलब. मे महिन्यात लोक त्या बागेच्या आंब्यावर तुटून पडले तरी त्याच्या गल्ल्यात एक रुपया येत नाही.

सायफाय चॅनल हा तो पहिल्या मोहराचा व्यापारी होता. त्यांच्याकडे अमेरिकेतले फक्त लिनिअर हक्क होते. लिनिअर म्हणजे ठरलेल्या वाराला ठरलेल्या वेळी टीव्हीवर लागतं ते, आपल्या नेहमीच्या मालिकांसारखं. अमेरिकेत नंतर स्ट्रीमिंगवर दाखवायचा हक्क ॲमेझॉनकडे, आणि अमेरिका-कॅनडा वगळता बहुतेक जगात तो नेटफ्लिक्सकडे.

म्हणजे लोक बघत नव्हते का?

बघत होते की. पण कुठे बघत होते? अशी सिरीज आवडणारा माणूस हा रात्री ठराविक वेळेला टीव्हीसमोर जाहिराती सहन करत बसणाऱ्यातला नाही, तो सीझन साठू देतो आणि सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत संपवतो. शिवाय कथा इतकी गुंतागुंतीची की एक आठवडा चुकला तर पुढचा एपिसोड कळत नाही, त्यामुळे सवडीने बघणं लोकांना जास्त सोयीचं. आता तो ॲमेझॉनवर बघतो म्हणजे त्याची मोजणी ॲमेझॉनच्या खात्यात. चॅनलच्या हातात फक्त टीव्हीचा आकडा, आणि तो आकडा एवढ्या महागड्या सिरीजला परवडणारा नव्हता. म्हणून मे २०१८ मध्ये, तिसरा सीझन चालू असतानाच, चॅनलने सांगून टाकलं की चौथा आम्ही घेत नाही.

मला त्या चॅनलचा राग येतो, पण त्यांचा हिशोब चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही. ज्या मालाची पुढची सगळी कमाई दुसऱ्याकडे जाते त्याची सर्वात मोठी किंमत आपण का भरायची, हा प्रश्न कोणीही विचारला असता. खरी चूक झाली ती हक्कांची वाटणी करताना, पहिला एपिसोड शूट व्हायच्याही आधी.

त्यामुळे एखादी सिरीज टिकेल का हे बघायचं असेल तर 'किती लोक बघतात' याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न 'ते बघितल्याचा पैसा कोणाला मिळतो' हा आहे. जो पैसे भरतो त्यालाच प्रेक्षक दिसले तर सिरीज जगते. प्रेक्षक तिसऱ्याच्या दारात जमले तर कितीही जमोत.

पण सायफायच एवढी महाग का?

घरगुती मालिकेत दिवाणखाना, स्वयंपाकघर, एक देवघर एवढ्यावर पाचशे भाग निघतात. अंतराळातल्या सिरीजमध्ये भाड्याने मिळेल असं काहीच नसतं. दार, खुर्ची, पाण्याचा ग्लास, दरवाजावरची पाटी, सगळं डिझाइन करून बनवायला लागतं. एक्सपान्सचं शूटिंग कॅनडातल्या टोरोंटोला, पाइनवूड स्टुडिओत व्हायचं. तिथेच का, तर एक कारण सरळ पैशाचं आहे, ओंटारिओ प्रांत तिथे केलेल्या पात्र खर्चाच्या २१.५ टक्के टॅक्स क्रेडिट म्हणून परत देतो आणि कॅनडाचं केंद्र सरकार कॅनेडियन कामगार-कलाकारांवर केलेल्या खर्चावर वेगळे १६ टक्के. म्हणूनच अमेरिकन म्हणून आपण बघतो त्या कितीतरी सिरीज खरं तर टोरोंटो नाहीतर व्हँकुव्हरमध्ये बनलेल्या असतात. एक्सपान्सच्या छोट्या-मोठ्या भूमिकांत एवढे कॅनेडियन चेहरे दिसतात त्यामागेही हे आहेच.

आता ती पीएचडीची गोष्ट. अंतराळ म्हटलं की वजनविरहित अवस्था आली, म्हणजे प्रत्येक माणूस तरंगायला हवा. हे खरोखर दाखवायचं तर कलाकाराला कपड्यांच्या आत हार्नेस घालून वायरने टांगायला लागतं, आणि नंतर कॉम्प्युटरवर फ्रेम बाय फ्रेम ती वायर पुसायला लागते. एका मिनिटाच्या सीनला दिवस जाऊ शकतो आणि कलाकाराच्या कंबरेची वाट लागते ती वेगळी. बऱ्याच सिरीज यावर उपाय म्हणून 'आमच्या यानात कृत्रिम गुरुत्वाकर्षण आहे' असं सांगून मोकळ्या होतात.

एक्सपान्सने तसं केलं नाही. यांच्या यानात इंजिन सतत जोर लावत असतं, त्यामुळे यानाची जमीन वर ढकलली जाते आणि पायाखाली वजन जाणवतं. मग यानाची रचनाही त्याच हिशोबाने, इंजिन तळाला, त्यावर एकावर एक मजले, वर जायला शिडी. अर्धा रस्ता झाला की यान उलटं फिरतं आणि इंजिनाने ब्रेक मारत जातं, पुन्हा वजन परत. इंजिन बंद असेल तेव्हा लोक चुंबकाचे बूट घालतात, टक टक आवाज करत पाय उचलून टाकत चालतात, म्हणजे वायरची गरज नाही. खरं तरंगणं राखून ठेवलं ते फक्त जिथे कथेला त्याची गरज आहे तिथे. हे सगळं मूळ कादंबऱ्यांतलं, पण ते गाळून न टाकता शूटिंगचा कणा बनवणं हे शंकर आणि त्यांच्या टीमचं. म्हणजे विज्ञान बरोबर ठेवलं आणि त्याच फटक्यात बजेटही आवाक्यात आणलं! मला या सिरीजमधलं सर्वात आवडणारं हेच आहे.

आणि जिथे छोट्या खर्चात मोठा परिणाम साधता येतो तिथे ते सोडत नाहीत. सिरीस नावाच्या फिरत्या लघुग्रहावर डिटेक्टिव्ह मिलर ग्लासात दारू ओततो, ती धार सरळ खाली न येता एका बाजूला वळून ग्लासात पडते. फिरणाऱ्या जागेत पडणारी वस्तू अशीच वाकडी जाते. कोणी त्यावर एक शब्द बोलत नाही, मिलर निवांत पितो, कारण त्याच्यासाठी ते रोजचंच आहे. दोन सेकंदांचा शॉट, पण आपण पृथ्वीवर नाही हे त्या धारेइतकं दुसऱ्या कशाने पटत नाही.

बेल्टर उंच असायला हवेत ना?

पुस्तकं वाचलेल्यांची ही सर्वात जुनी तक्रार. कादंबरीत बेल्टर कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेले, म्हणून खूप उंच, हडकुळे, डोकं मोठं. सिरीजमध्ये मात्र नाओमी नागाता (डॉमिनिक टिपर) किंवा ड्रमर (कारा गी) तुमच्या-आमच्याच उंचीच्या. तक्रार बरोबर आहे, पण व्यवहार बघा. डझनावारी मुख्य पात्रं आणि शेकडो एक्स्ट्रा सगळे सात फुटी कुठून आणायचे? कॉम्प्युटरने ताणायचे तर प्रत्येक संवादाचा प्रत्येक शॉट व्हीएफएक्सचा शॉट झाला, आणि व्हीएफएक्स म्हणजे शूटिंगनंतर कॉम्प्युटरवर घातलेली दृश्यं, ती शॉटच्या हिशोबाने पैसे आणि वेळ खातात.

म्हणून पहिल्याच एपिसोडमध्ये एक लांब हातापायांचा बेल्टर कैदी दाखवला, ज्याला पृथ्वीचं गुरुत्वाकर्षणच छळ म्हणून वापरतात, आणि तिथून पुढे शरीराऐवजी बाकी खुणांवर भर दिला. मानेवर टॅटू. मोठे मोठे हातवारे, कारण स्पेससूटच्या हेल्मेटमधून मान हलवलेली दिसत नाही, पिढ्यानपिढ्या हाताने बोलायची सवय. आणि भाषा! निक फार्मर या भाषातज्ज्ञाने बेल्टरांसाठी खास मिश्र भाषा तयार केली, इंग्रजीच्या पायावर चिनी, स्पॅनिश, हिंदी, जर्मन असं कुठकुठलं मिसळून, कारण पट्ट्यात कामाला गेलेले मजूर जगभरातले. कलाकारांकडून ती बोलून घ्यायला सेटवर उच्चार शिकवणारा कोच असायचा. कारा गी ती अशी बोलते की सबटायटल नसतानाही धमकी समजते.

ड्रमरबद्दल अजून एक. कादंबऱ्यांत जी कामं तीन-चार वेगवेगळी पात्रं करतात त्यातली बरीच सिरीजमध्ये एकट्या ड्रमरकडे आली. वाचकाला नवीन नाव चालतं, टीव्हीवर प्रत्येक सीझनला नवीन कलाकार आणणं म्हणजे नवं कॉन्ट्रॅक्ट, आणि प्रेक्षकाने त्याच्यावर जीव लावायला परत शून्यापासून सुरुवात. एका चांगल्या कलाकाराला मोठं करत नेणं जास्त शहाणपणाचं, आणि इथे तर ते मूळ कथेपेक्षाही सरस झालंय असं माझं स्पष्ट मत.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला जवळचं वाटणारं पात्र म्हणजे संयुक्त राष्ट्रांची क्रिसजेन अवसराला. नावावरून दिसतंच, भारतीय वंशाची आजी. भूमिका केली इराणमध्ये जन्मलेल्या, ऑस्करचं नॉमिनेशन मिळालेल्या शोहरे अघदाश्लू यांनी. भारतीय पात्र भारतीय अभिनेत्रीला का नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा आणि तो रास्त आहे. पण त्या खर्जातल्या आवाजात, साडीच्या धर्तीवर केलेल्या त्या भरजरी पोशाखात आणि हातभर दागिन्यांत ही बाई समोरच्या ॲडमिरलला झापते तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या मुरलेल्या आजीबाईच आठवतात, एवढं काम चोख आहे. मंगळाची सैनिक बॉबी ड्रेपर ही पॉलिनेशियन वंशाची, तिथे सामोआत जन्मलेली न्यूझीलंडची फ्रँकी ॲडम्स, चांगली उंचीपुरी, बॉक्सिंग केलेली. कास्टिंग करताना भविष्यात माणसं कशी मिसळली असतील याचा विचार झालाय हे जागोजागी दिसतं.

सिरीज लटकली की कलाकार काय करतात?

इथे एक शब्द कळायला हवा, ऑप्शन. अमेरिकन टीव्हीत कलाकार सुरुवातीलाच पुढच्या अनेक सीझनसाठी बांधले जातात, पण निर्मात्यावर मात्र पुढचा सीझन करायचं बंधन नसतं. ठराविक तारखेपर्यंत निर्मात्याने 'हो' कळवायचं, ती तारीख गेली की कलाकार मोकळा आणि दुसरं काम घेऊ शकतो. म्हणून कॅन्सल झालेली सिरीज वाचवायची तर महिन्यांची नाही, आठवड्यांची लढाई असते. सेट ठेवायला स्टुडिओचं भाडं चालू राहतं, मोडला तर परत उभारायचा खर्च. उशीर झाला की प्रेम असूनही सिरीज परत येत नाही ती यामुळे.

मग फॅन्सच्या आंदोलनाने काही होतं का?

या वेळी झालं. लाखाच्या वर सह्यांचं पिटिशन निघालं, आणि लोकांनी वर्गणी काढून एक छोटं विमान भाड्याने घेतलं, त्याच्या मागे 'सेव्ह द एक्सपान्स' असा बॅनर लावून ते कॅलिफोर्नियात ॲमेझॉन स्टुडिओच्या ऑफिसवरून घिरट्या घालत फिरवलं. चॅनलने सिरीज बंद केल्याचं सांगितल्यावर बरोबर दोन आठवड्यांनी, २५ मे २०१८ ला लॉस एंजेलिसच्या एका अंतराळ परिषदेत ॲमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस स्टेजवर होते, सिरीजचे कलाकार समोर बसलेले, आणि बेझोसनी सांगितलं की जेवण चालू असतानाच निरोप आलाय, सिरीज वाचली. त्या वेळचा व्हिडिओ बघा, कलाकार अक्षरशः ओरडत उभे राहतात.

पण विमान फिरवलं म्हणून सिरीज वाचली असा निष्कर्ष काढला तर पुढच्या वेळी निराशा पदरी येईल. ॲमेझॉनकडे अमेरिकेतले स्ट्रीमिंग हक्क आधीपासून होते, त्यामुळे किती लोक शेवटपर्यंत बघतात याचे आकडे त्यांच्या हातात होते. अल्कॉन विकायला तयार होती. बेझोसना स्वतःला ही कथा आवडायची. फॅन्सनी केलं ते एवढंच, पण फार मोलाचं, की निर्णय तारखेच्या आत व्हावा इतका आवाज ठेवला. हे बाकीचे घटक नसतील तर नुसत्या सह्यांनी सहसा भागत नाही. आणि पुढे काय झालं तर २०१९ मध्ये आधीचे तीन सीझनही नेटफ्लिक्सवरून निघून प्राइम व्हिडिओवर आले, म्हणजे अख्खी बाग एकाच व्यापाऱ्याकडे.

ॲमेझॉनकडे पैसा होता, मग सहाव्यावर का थांबले?

यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. कथेच्या दृष्टीने सहाव्या कादंबरीनंतर थांबणं सोयीचं, कारण सातवी सुरू होते ती सुमारे तीस वर्षांनंतर. म्हणजे सगळ्या कलाकारांना म्हातारं करायचं नाहीतर बदलायचं. ही अडचण खोटी नाही.

पण सहावा सीझन फक्त सहा एपिसोडचा, आधीच्या दोन सीझनचे दहा-दहा होते, आणि ती घाई जाणवते. शिवाय त्या सहाही एपिसोडची सुरुवात लाकोनिया या दूरच्या ग्रहावरच्या एका लहान मुलीच्या कथेने होते, जी कथा तिथे पूर्ण होतच नाही. ती आहे शेवटच्या तीन कादंबऱ्यांची पायाभरणी. ज्यांना कायमचं संपवायचं असतं ते लोक शेवटच्या सीझनमध्ये नवी कथा पेरत नाहीत. स्ट्रीमिंगचा हिशोब वेगळा असतो, तिथे जुन्या सिरीजचा सातवा सीझन नवे सबस्क्रायबर फारसे आणत नाही, उलट सीझनगणिक कलाकारांचं मानधन आणि खर्च वाढत जातो, म्हणून बऱ्याच सिरीज तिथे लवकर आवरल्या जातात. इथे नक्की तेच कारण होतं असं कोणी जाहीर केलेलं नाही, पण प्रेक्षक म्हणून एवढं लक्षात ठेवावं की अख्खी बाग एकाकडे असली तरी ती किती वर्षं ठेवायची हे तोच ठरवतो.

आणि दोन सीझनमध्ये एवढा वेळ का जातो?

पाचव्या सीझनचं शूटिंग फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे लॉकडाउनच्या अगदी तोंडावर संपलं. सीझन आला डिसेंबरमध्ये. मधले दहा महिने एडिटिंग, साउंड, म्युझिक आणि व्हीएफएक्स, तेही त्या वर्षी बरंचसं लोकांनी घरून केलेलं. त्याच्या आधी शूटिंगचे महिने, त्याच्या आधी सेट बांधणं, त्याच्या आधी लेखकांनी एकत्र बसून सीझन लिहिणं. एक्सपान्सवाले हे सगळं डिसेंबर २०१९, २०२०, २०२१ असं दरवर्षी एक सीझन देऊन निभावत होते ते कशामुळे, तर कादंबऱ्या तयार होत्या, दोन्ही मूळ लेखक स्वतः लेखकांच्या टीममध्ये बसायचे, मुख्य यानाचा सेट उभा होता, आणि पुढच्या सीझनला मंजुरी वेळेत मिळत गेली. यातली एकेक गोष्ट काढा आणि वर्ष वाढवा. मंजुरी सीझन रिलीज झाल्यावर आकडे बघून द्यायची पद्धत हल्ली वाढलीय, मग लेखन तिथून सुरू, त्यात २०२३ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा आणि कलाकारांचा संप होऊन अनेक महिने सगळं ठप्प झालं, म्हणजे दोन-तीन वर्षं अशीच जातात.

शेवटच्या तीन कादंबऱ्यांवर अजून पडद्यावर काही आलेलं नाही. ड्रमरच्या आधीच्या आयुष्यावर २०२३ मध्ये एक व्हिडिओ गेम आला आणि त्यात आवाज कारा गीचाच होता. सिरीज नव्याने बघणार असाल तर पहिले तीन एपिसोड जड जातील, पात्रं खूप, नावं खूप, पण चौथ्यापर्यंत थांबा, तिथे यानांची पहिली मोठी लढाई आहे.